सपोर्ट गाडीतल्या माणसाचा नकाशा: ऑरगॅनिक मॅप्स

बायको लांब पल्ल्याची सायकल चालवते आणि मी तिच्या मागेपुढे गाडी चालवतो. गाडीत सुट्या ट्यूब, पंप, कोरडे मोजे, पाण्याचे कॅन, एक घडीची खुर्ची आणि मी. सायकलवाल्यांच्या गप्पांत या कामाला फारसा मान नसतो. पण एक चैन फक्त आमच्या वाट्याला येते: वाटेतली गावं बघायला मिळतात. ती गावातून जाते तेव्हा तिची नजर पुढच्या खड्ड्यावर आणि हँडलवरच्या आकड्यांवर असते. संध्याकाळी मी विचारतो, "तो घड्याळाचा मनोरा बघितलास का?" ती म्हणते, "कुठला मनोरा?"

या फावल्या वेळात मी ऑरगॅनिक मॅप्स हे अ‍ॅप वापरतो, आणि हे परीक्षण त्याचं आहे. फक्त गाडी चालवणाऱ्याच्या बाजूनं लिहिणार आहे. सायकलवरच्या माणसाला त्याचा किती उपयोग, ते शेवटी थोडक्यात येईल.

आधी वेळेचा हिशेब, कारण सगळं त्यावर ठरतं. समजा पुढची भेट 40 किलोमीटरवर ठरली. ताशी 20 च्या वेगानं तिला दोन तास लागतात. गाडी गावरस्त्यांवर सरासरी 50 नं गेली तरी मला साधारण पाऊण तास पुरतो. हातात सव्वा तास उरला असं वाटतं, पण तो सगळा आपला नसतो. गाडी लावायला जागा शोधण्यात दहा-पंधरा मिनिटं जातात. ती येण्याआधी बाटल्या भरून, खुर्ची मांडून तयार असायला हवं, आणि वारा पाठीमागून असेल तर ती लवकरच उगवते. म्हणजे खरे मोकळे चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. माझ्यासारखा माणूस दहा मिनिटांत पाऊण किलोमीटर चालतो. जायची दहा, यायची दहा आणि बघायला वीस-पंचवीस. छोटं गाव एवढ्यात मावतं. शहर मावत नाही. तिथे पार्किंग सापडेपर्यंतच तिचा फोन येतो.

म्हणून मला लागणारा नकाशा म्हणजे "गाडी लावली तिथून पाऊण किलोमीटरच्या आत काय काय आहे" एवढं नीट सांगणारा. ऑरगॅनिक मॅप्स ते सांगतं. जे मोठे, सगळ्यांच्या फोनमध्ये असलेले नकाशे आहेत ते लोकांच्या अभिप्रायांवर आणि तारकांवर चालतात. जिथे फार कुणी जात नाही तिथे अभिप्राय नसतात, आणि अभिप्राय नसले की जागा मागे पडते. अशा नकाशात छोटं गाव म्हणजे एक पेट्रोल पंप, दोन लॉज आणि मोबाईलचं दुकान. ऑरगॅनिक मॅप्समध्ये तारका नाहीत, अभिप्राय नाहीत, फोटोही नाहीत. सुरुवातीला ही उणीव वाटते. मला तीच या अ‍ॅपची मोठी बाजू वाटू लागली आहे. राजवाडा आणि मैलाचा जुना दगड, दोघांनाही एकेकच चिन्ह. कुठे जायचं ते आपलं आपण ठरवायचं.

नोकरीत माझा जन्म आरेखक म्हणून गेला. ट्रेसिंग पेपर, रोट्रिंगची पेनं, समोच्चरेषा. त्यामुळे नकाशा दिसला की मी आधी त्याचं रेखाटन बघतो, मग त्यातली माहिती. याचं रेखाटन स्वच्छ आहे. पायवाट तुटक रेषेनं, पायऱ्या वेगळ्या, एकेरी रस्त्याला बाण. आणखी जवळ गेलं की बसायची बाकंसुद्धा दिसतात. बाकं दाखवणाऱ्या नकाशाबद्दल मला आदर आहे. तो काढणाऱ्यांपैकी कुणीतरी तिथे पायी फिरलेला असतो. रस्त्यांच्या जाडीतला फरक मात्र आणखी ठळक हवा होता. गाडीच्या काचेतून ऊन आत येत असताना मुख्य रस्ता आणि गल्ली यांतला भेद पटकन कळत नाही.

मागची गोष्ट थोडी. या नकाशातली माहिती ओपनस्ट्रीटमॅपची आहे. स्टीव्ह कोस्ट यांनी 2004 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. जगभरातले लोक आपापल्या भागातले रस्ते, इमारती, नळ, पूल त्यात भरत असतात आणि ती माहिती परवान्याच्या अटी पाळून कुणालाही वापरता येते. ऑरगॅनिक मॅप्स हे त्यावर बांधलेलं अ‍ॅप 2021 मध्ये आलं. मॅप्स डॉट मी नावाचं आधीचं ऑफलाइन अ‍ॅप ज्यांनी सुरू केलं होतं, त्यांच्यातल्याच काहींनी त्याच्या खुल्या कोडवरून हे उभं केलं. जाहिराती नाहीत, आपण कुठे जातो याची नोंद ठेवली जात नाही, पैसे लागत नाहीत; खर्च देणग्यांवर निघतो. आमच्या घरात या गोष्टीला एक वेगळंच महत्त्व आहे. बायकोच्या मते माझं थांबण्याचं ठिकाण कुणालाही कळू नये, कारण ते भेटीच्या जागेपासून नेहमीच लांब असतं.

सगळं ऑफलाइन चालतं, हा अर्थात मुख्य गुण. प्रदेशाप्रदेशाचे नकाशे आधी उतरवून घ्यायचे. त्यानंतर रेंज नसली तरी नकाशा, शोध, रस्ता सांगणं, सगळं सुरू राहतं. फोनमधलं जीपीएस उपग्रहांवर चालतं, त्याला मोबाईलचा मनोरा लागत नाही. सायकलवाले मुद्दाम कमी रहदारीचे रस्ते निवडतात आणि कमी रहदारी तिथे बहुतेक वेळा रेंजही कमी, तेव्हा ही सोय नुसती चैनीची राहत नाही. एक मेख लक्षात ठेवावी: रस्ता जितक्या प्रदेशांतून जातो तितके सगळे नकाशे फोनमध्ये लागतात. सीमेपलीकडचा तुकडा उतरवलेला नसेल तर तिथपर्यंतचा रस्ता अ‍ॅप आखून देत नाही.

माझी कामाची पद्धत सांगतो. आयोजकांकडून किंवा बायकोकडून मार्गाची जीपीएक्स फाइल येते. ती अ‍ॅपमध्ये उघडली की पूर्ण मार्ग रंगीत रेषेनं नकाशावर उमटतो. मग आदल्या रात्री मी त्या रेषेवरून बोट फिरवत जातो. भेटीच्या जागांना लाल खूण, बघण्यासारख्या जागांना हिरवी, स्वच्छतागृहाला निळी. एवढ्यानं दुसऱ्या दिवशीचं निम्मं भांडण वाचतं. मात्र माझ्याकडच्या आवृत्तीत या आयात केलेल्या रेषेवरून "आता डावीकडे वळा" असं मार्गदर्शन मिळत नाही. रेषा नुसती दिसते. मला गाडीनं दुसऱ्याच रस्त्यानं पुढे जायचं असतं, त्यामुळे माझं अडत नाही. सायकलवर बसून तीच रेषा गाठायची असेल त्यानं दुसरं साधन बघावं.

दुसऱ्याच रस्त्यानं का, तर बीआरएमसारख्या ब्रेव्हेंमध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीत लांब अंतर पुरं करायच्या सायकल-उपक्रमांमध्ये, नियमच तसा आहे. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40 तास ही मुदत सगळ्यांना माहीत असते; मदतीचा नियम मात्र नवख्या सपोर्टवाल्यांना अनेकदा कळलेला नसतो. मदत फक्त कंट्रोलवर, म्हणजे मार्गावरच्या ठरलेल्या तपासणीच्या ठिकाणी. मधल्या रस्त्यात गाडी सायकलच्या मागे ठेवायची नाही, खिडकीतून बाटली द्यायची नाही. नियम मोडणारा आपण असलो तरी शिक्षा रायडरला होते. 1891 मध्ये पहिल्यांदा झालेल्या आणि आज 1200 किलोमीटरला 90 तास देणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फ्रान्समधल्या सायकल-उपक्रमातही हेच तत्त्व आहे. माझ्यासारख्याला हा नियम म्हणजे पर्वणी. दोन कंट्रोलच्या मध्ये मी तिला दिसायचं नाही असं खुद्द नियमावलीच सांगते, मग त्या वेळात मी उजाड रेल्वे स्टेशन बघत बसलो तर कुणाचं काय जातं?

त्या स्टेशनाचंच सांगतो. कंट्रोलच्या अलीकडे एका गावात अ‍ॅपमध्ये एक सरळसोट तुटक रेषा दिसली. गावातल्या गल्ल्या वेड्यावाकड्या आणि ही रेषा मात्र पट्टीनं ओढल्यासारखी, पुढे जाऊन एकच मोठं, सौम्य वळण घेणारी. पायवाटा अशा वळत नाहीत. रूळ तसे वळतात, कारण गाडीला चढ आणि वळण दोन्ही सौम्य लागतात. जाऊन बघितलं तर खरंच रूळ काढून टाकलेला जुना लोहमार्ग. खडी अजून होती, फलाटाची कड होती, आणि तिकीटखिडकीच्या जागी विटांनी बुजवलेली कमान. तिथे ना माहितीफलक, ना तिकीट. नकाशानंही "इथे बघण्यासारखं आहे" असं काही म्हटलेलं नव्हतं. त्यानं फक्त रेषा खरी काढली होती. बाकीचं वाचणाऱ्यानं वाचायचं.

"प्रेक्षणीय स्थळे" हा शोधाचा प्रकार अ‍ॅपमध्ये आहे, पण छोट्या गावात मी त्यावर विसंबत नाही. त्यात स्मारकं, संग्रहालयं, किल्ले, निसर्गदृश्याच्या जागा येतात. जुन्या लोखंडी पुलाला, घाटाच्या पायऱ्यांना, गावच्या वाचनालयाला तिथे जागा मिळेलच असं नाही. बोटानं नकाशा फिरवून शोधलेलं जास्त हाती लागतं. काही जागांना विकिपीडियावरचा लेख जोडलेला असतो आणि तो रेंजशिवाय वाचता येतो, ही सोय फार चांगली. गाडीत बसून वाचावं आणि मग बघायला उतरावं. अर्थात लेख असतो तो नावाजलेल्या जागांनाच.

समोच्चरेषांचा थर चालू करता येतो, आणि पायी किंवा सायकलचा रस्ता आखला की चढउताराचा आलेखही मिळतो. निसर्गदृश्याची जागा अंतरानं चारशे मीटर असली तरी वर किती चढायचं ते आधी कळतं. गुडघ्यांचं वय पाहता मी हा आलेख बघितल्याशिवाय कुठेही निघत नाही.

आता जिथे हे अ‍ॅप कमी पडतं ते. रहदारीची ताजी स्थिती यात दिसत नाही. पोहोचायची वेळ रस्ता मोकळा धरून काढलेली असते, तेव्हा बाजाराच्या दिवशी तिच्यात स्वतःची भर घालावी. उपग्रहाची छायाचित्रं नाहीत, त्यामुळे गाडी लावायची जागा डांबरी की चिखलाची हे तिथे गेल्यावरच समजतं. रायडर आता कुठे आहे हेही यात दिसत नाही. त्यासाठी आम्ही व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन वापरतो. आठ तासांपर्यंत चालतं, पण त्याला रेंज लागते. म्हणजे दोन अ‍ॅपं उघडी ठेवणं आलंच. आणि संग्रहालयाच्या वेळा. त्या कुणीतरी भरलेल्या असतील तरच दिसतात, आणि भरल्यानंतर बदललेल्या नसतील तरच खऱ्या असतात. छोट्या गावातल्या संग्रहालयाची खरी वेळ किल्ली ज्याच्याकडे असते त्यालाच माहीत. समोरच्या दुकानात विचारावं.

एक गोष्ट मात्र दुसऱ्या कुठल्या नकाशानं मला इतक्या सहज करू दिली नाही. नकाशात नसलेली जागा अ‍ॅपमधूनच भरता येते. ओपनस्ट्रीटमॅपचं खातं उघडायचं, जागेवर बोट ठेवायचं, प्रकार निवडायचा, वेळ माहीत असेल तर लिहायची. आपल्या फोनवर ती लगेच दिसते. इतरांना अ‍ॅपचा नकाशा पुढच्या वेळी अद्ययावत झाल्यावर. अट अशी की दुसऱ्या नकाशावरून उतरवायचं नाही. स्वतः बघितलेलं लिहायचं. नोकरीतल्या जुन्या साहेबांना हे फार आवडलं असतं. बायकोची वाट बघत असताना मी पाण्याचे नळ, बाकं आणि स्वच्छतागृहं भरत असतो. थांबलेला वेळ सरतो, आणि पुढच्या रायडरला पाणी सापडतं.

2025 मध्ये या अ‍ॅपच्या कारभाराबद्दल त्यात काम करणाऱ्यांमध्येच मतभेद झाले आणि काहींनी वेगळं होऊन त्याच कोडवरून कोमॅप्स हे दुसरं अ‍ॅप काढलं. मी दोन्ही ठेवून बघितली. सपोर्ट गाडीच्या कामापुरता मला मोठा फरक जाणवला नाही. ज्यांना कारभाराची चाड आहे त्यांनी दोन्हींची माहिती वाचून ठरवावं. माझ्या खुणा ऑरगॅनिक मॅप्समध्ये आहेत म्हणून मी तिथे आहे. खुणा फाइल काढून हलवता येतात, तेव्हा कायमचं अडकून पडलोय असंही नाही.

रायडरच्या बाजूचं थोडक्यात सांगतो म्हटलं होतं. बायको सायकलवर स्वतःचा छोटा संगणक वापरते आणि या अ‍ॅपमधला "पाणी" हा एकच शोध. तेवढ्यासाठी तिच्या फोनमध्येही मार्गावरचे नकाशे उतरवून ठेवले आहेत. निघण्याच्या आदल्या रात्री वायफायवर दोन्ही फोनमधले नकाशे अद्ययावत करणं हे काम माझ्याकडे आहे, आणि ते चेनला तेल देण्याच्या आधी करायचं, कारण नंतर हात खराब असतात.