जुन्या चामडी बॅगेची दुरुस्ती: वर्षभराच्या वापरानंतरचे परीक्षण

आईने नोकरीच्या सगळ्या वर्षांत खांद्याला लावलेली चामडी बॅग मी गेल्या वर्षी दुरुस्तीला दिली, तेव्हा तिच्या झाकणाची कडा सोलवटली होती, पट्टा बक्कलापाशी निम्मा तुटला होता, खालचे दोन्ही कोपरे घासून पांढुरके पडले होते आणि बक्कलाभोवती हिरवट, मेणचट थर साचला होता. आधी एका दुकानात ती दाखवली होती, पण वरून रंग चढवून नव्यासारखी करून देण्यापलीकडे त्यांच्याकडे उपाय नव्हता. म्हणून फक्त चामड्याचेच काम करणाऱ्या एका लहान कार्यशाळेकडे मी वळले.

तेथील कारागिराने काम स्वीकारण्याआधी जवळजवळ अर्धा तास नुसती तपासणी केली, आणि माझा विश्वास तिथेच बसला. झाकणाच्या आतल्या बाजूला त्याने पाण्याचा एक थेंब ठेवला. तो लगेच शोषला जाऊन डाग गडद झाला, म्हणजे चामड्यावर लेपाचा जाड थर नव्हता. कापलेली कडा आतपर्यंत तपकिरी होती, क्रोमने कमावलेल्या चामड्यात बहुधा दिसणारी निळसर करडी छटा तिच्यात नव्हती, त्यावरून हे चामडे झाडाच्या सालीसारख्या वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले असावे, असे त्याने सांगितले. नंतर पांढरे फडके घासून तांबडी भुकटी निघते का, हेही पाहिले. अशा चामड्यात हवेतील सल्फर डायऑक्साइडमुळे आम्ल तयार होते आणि तंतू भुकटीसारखे सुटू लागतात. ती झीज उलटवता येत नाही, फार तर थोपवता येते. तसे आढळले असते, तर ही बॅग वजन वाहण्यासाठी दुरुस्त करून देणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले होते. सुदैवाने फडके स्वच्छ निघाले.

साफसफाईत त्याने साबण टाळला. चामडे मुळात आम्लधर्मी असते, त्याचा सामू (आम्लता मोजणारा pH अंक) साधारण ३.५ ते ५ च्या आसपास असतो, तर नेहमीचा साबण उलट अल्कधर्मी, ९ ते १० पर्यंत जातो. म्हणून आधी कोरड्या मऊ ब्रशने शिवणीतील धूळ काढून मग किंचित ओलसर फडक्यावर सौम्य द्रव घेऊन त्याने एकेक भाग पुसला. पितळेवरचा हिरवा थर हा चामड्यातील स्निग्धांश आणि तांबे यांच्या संयोगातून बनतो. तो त्याने लाकडी काडीने आणि कोरड्या कापसाने उचलला. त्यानंतर लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतील स्निग्ध पदार्थ) आणि थोडे मेण असलेला मलम अगदी पातळ हाताने, मध्ये एकेक दिवस सोडून, तीनदा लावला. चामडे कोरडे दिसले की तेल ओतायचे, ही आपल्यापैकी अनेकांची सवय घातक आहे. जास्त तेलाने चामडे काळवंडते आणि ढिले पडते. संग्रहालयांतही पूर्वी जुन्या चामड्याला सर्रास तेल-मलम लावत असत, आता मात्र तिथे याबाबत खूपच सावधगिरी बाळगतात.

सगळ्यात सुंदर काम पट्ट्याचे झाले. तुटलेला भाग फेकून न देता रापीने, म्हणजे चामडे तासण्याच्या हत्याराने, त्याची टोके पातळ करून त्याने खाली नव्या चामड्याची पट्टी जोडली, आणि आरीने नवी भोके न पाडता जुन्याच भोकांतून मेण लावलेल्या तागाच्या दोऱ्याने हाताने शिवण घातली. या शिवणीत एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही जातात, त्यामुळे एखादा टाका तुटला तरी शेजारचे टाके लगेच उसवत नाहीत. नवी पट्टी जुन्या पट्ट्याहून फिकट दिसते. ती रंगवून लपवू का, असे त्याने विचारले; मी नको म्हटले आणि त्यालाही ते आवडले. कोपऱ्यांना मात्र पातळ रंग दिला, तोही झिजलेल्या जागेपुरताच.

दोन तक्रारी आहेत. पितळी बक्कल मला न विचारता घासून लखलखीत केले गेले. आईच्या बोटांनी वर्षानुवर्षे आलेली त्यावरची मंद झळाळी गेली, याचे मला अजून वाईट वाटते. शिवाय अस्तर चिकटवलेल्या डिंकाचा उग्र वास तीन आठवडे टिकला. चार आठवड्यांचे काम सहा आठवड्यांवर गेले, ते मात्र मी मनावर घेतले नाही, कारण मलमाच्या थरांमधली प्रतीक्षा घाईने उरकण्यासारखी नव्हती.

वर्षभर मी ही बॅग आठवड्यातून तीन-चार दिवस वापरते आहे. पट्ट्याची शिवण एकाही ठिकाणी हललेली नाही. झाकणावरच्या भेगा मऊ झाल्या, पण बुजल्या नाहीत. चामड्याचा वरचा पापुद्रा एकदा तडकला की तो पुन्हा जुळत नाही, हे कारागिराने आधीच सांगितले होते. वापर नसताना मी आत कागद भरून ती सुती पिशवीत ठेवते, प्लॅस्टिकमध्ये नाही, कारण कोंडलेल्या दमट हवेत बुरशी लवकर धरते. या कार्यशाळेत मी पुन्हा नक्की जाईन, फक्त पितळेला हात लावू नये, हे काम देतानाच पावतीवर लिहून घेईन.