पहिलं छोटं मोटरहोम आणि अर्ध्या तासाचा बनाव

शनिवार-रविवार भटकायला छोटं, जुनं मोटरहोम, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घ्यायचं चाललं असेल, तर विसार देण्याआधी आमचं ऐका. जुन्या गाडीत खोट असायचीच, त्याचं रडगाणं नाही. पण आमच्या विक्रेत्याला त्याच्या गाडीची एकेक खोट तोंडपाठ होती, आणि बघायला येणारा माणूस आत किती वेळ थांबतो हेही त्याला पक्कं माहीत होतं. तेवढ्या अर्ध्या तासापुरती त्याने ती नटवून ठेवली होती.

वेळ त्यानेच ठरवली, दिवेलागणीची. आम्ही पोचलो तेव्हा इंजिन आधीच गरम होतं. "तुम्हाला बघायला सोपं जावं म्हणून जरा पुढे आणून लावली," म्हणाला. किल्ली फिरवली की लगेच सुरू. थंड इंजिन कसं सुरू होतं ते कळायला वावच नाही. आत दिवे लख्ख, फ्रिज गारेगार, पायाखाली नवीकोरी व्हिनाइलची फरशी आणि सुगंधी स्प्रेचा घमघमाट. घरातल्या प्लगमधून एक केबल गाडीला जोडलेली. निघता निघता ठरलेलं वाक्य आलंच: उद्या सकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय, पैसे घेऊनच.

आधी त्या केबलचं सांगतो. बाहेरून वीज जोडलेली असताना आतले दिवे चार्जरवर चालतात. बॅटरी मेलेली असली तरी झगमगाट तोच. आमची मेलेलीच होती. पहिल्याच मुक्कामी केबल नसताना दोन दिवे आणि पाण्याचा पंप लावला, तर रात्रीच्या जेवणाआधी अंधार. शिसे-आम्लाची चांगली बॅटरी पूर्ण चार्ज होऊन काही तास निवांत राहिली की साधारण १२.७ व्होल्ट दाखवते आणि १२.२ च्या आसपास आली की निम्मी संपलेली असते. चार्जर काढल्याकाढल्या मीटर लावू नका, तेव्हा आकडा फुगलेला असतो. केबल आदल्या रात्रीच काढायला लावायची, आणि गेल्यावर सगळे दिवे, पंप, पंखा लावून आकडा किती भरभर घसरतो ते बघायचं.

फ्रिजचंही तेच. बऱ्याच मोटरहोममध्ये गॅस, १२ व्होल्ट आणि घरची वीज अशा तिन्हींवर चालणारा अॅब्सॉर्प्शन फ्रिज असतो. तो थंड व्हायला कित्येक तास घेतो, म्हणजे आम्ही पोचलो तेव्हाचा तो गारवा रात्रभराच्या तयारीचा होता. गॅसवर तो पेटतच नव्हता. गॅसवर पेटवून दाखवा एवढंच म्हणा, समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आता खरं दुखणं. पहिल्या दणदणीत पावसानंतर मागच्या पलंगाची गादी उचलली, तर खालून ओलीचिंब. कोपऱ्यातल्या भिंतीवर लाकडाच्या नक्षीचा नवा चिकटकागद होता. अंगठा दाबला तर तो आत गेला. कागद सोलल्यावर मागचं प्लायवूड काळं पडलेलं, भिजलेल्या बिस्किटासारखं हातात येणारं. ज्या लाकडी पट्टीवर मागची भिंत स्क्रूने धरलेली असते, तिच्यातले स्क्रू बोटांनीच फिरत होते. मग नवी फरशी उचकटली. कुजलेला भाग तसाच ठेवून वर पातळ फळी ठोकलेली आणि त्यावर व्हिनाइल. नकळत राहिलं असेल, असं म्हणायला त्याने जागाच ठेवली नव्हती.

त्या फरशीने आणखी एक उद्योग करून ठेवला होता. जमिनीलगत एक जाळीचं भोक असतं, ते तिच्याखाली गडप. स्वयंपाकाचा एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर खाली साचतो आणि त्या भोकातून बाहेर पडतो. ते बुजवलेल्या गाडीत आम्ही झोपलो होतो. पैशाचं एक वेळ सोडून देऊ, याचा राग मात्र अजून गेलेला नाही.

पाणी येतं कुठून हे कळलं की शोधायचं कुठे हेही कळतं. आमची गाडी बांधीव पद्धतीची, म्हणजे पुढचा भाग कंपनीच्या व्हॅनचा आणि मागची खोली लाकडी सांगाड्यावर पत्रा किंवा फायबर चढवून केलेली. छताच्या कडेच्या पट्ट्या, खिडक्यांच्या चौकटी, छतातली झरोक्याची खिडकी, मागचे दिवे, जिथे जिथे सांधा तिथे कधी ना कधी पाणी. नीट काम करणारा पट्टी काढून, जुना मसाला खरवडून, खाली नवं ब्युटाइल सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा चिकट मसाला, घालतो. आमच्या विक्रेत्याने पट्टीच्या वरूनच सिलिकॉनची जाड रेघ ओढली होती. अशी रेघ दिसली की सावध व्हा. आतली ओल तिने जात नाही आणि पुढच्या दुरुस्तीत सिलिकॉनच्या थरावर दुसरं काही धड चिकटतही नाही.

ओलीचं मीटर विकत मिळतं, मागून आणलं तरी चालेल. भिंतीत साधारण १५ टक्क्यांच्या आत आकडा असेल तर ठीक, २० च्या वर गेला की खोलात शिरायचं, ३० च्या घरात असेल तर आत कूज धरली आहे असंच समजून चालायचं. कपाटांच्या आत, गादीखाली, खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत लावून बघा. बाहेरून भिंतीला चिकटवून आडवी टॉर्च मारली की फुगवटे उठून दिसतात. अंधुक उजेडात नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. दिवेलागणीची वेळ का, ते आम्हाला तेव्हा उमगलं. नुसतं मीटर मात्र पुरत नाही. विक्रेत्याने आठवडाभर आत ओल शोषणारं यंत्र लावलं असेल तर आकडे साळसूद येतात. नाक आणि अंगठा सोबत हवेतच.

वजनाची फसवणूक तर जाहिरातीतच होती: "भरपूर सामान नेता येतं." बऱ्याच छोट्या मोटरहोमची कमाल वजनमर्यादा ३,५०० किलोला बांधलेली असते, कारण अनेक देशांत साध्या गाडीच्या परवान्याची हद्द तिथपर्यंतच धरली गेली. विक्रेत्याने कंपनीच्या कागदातलं रिकामं वजन त्यातून वजा करून दाखवलं. हिशेब ऐकायला झकास. पण गाडी नवी असताना तोललेली. नंतर कोणी बाजूचं छत्र बसवलं, कोणी सौरपॅनेल, कोणी सायकलींचा सांगाडा, कोणी दुसरी बॅटरी. शिवाय युरोपातल्या नियमांनुसार त्या कागदी वजनात चालकाचे ७५ किलो धरलेले असतात, सोबतच्यांचे धरत नाहीत, आणि प्रत्यक्ष गाडी ५ टक्के इकडेतिकडे असली तरी खपतं. तीन टनांच्या गाडीत ५ टक्के म्हणजे १५० किलो. पाण्याची १०० लिटरची टाकी भरली की आणखी १०० किलो. काट्यावर नेली तेव्हा कपडे आणि भांडी भरण्याआधीच गाडी मर्यादेला टेकली होती. मागच्या चाकांच्या आसावरचं वजन वेगळं तोललं, तर तिथली मर्यादा आधीच ओलांडलेली. ब्रेकला आणि टायरला हे झेपत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न वजनाचाच विचारू शकते.

टायरची नक्षी शाबूत होती, म्हणजे टायर नवे, असं तो म्हणाला. बाजूला डीओटीच्या अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मोटरहोम उभंच जास्त असतं, त्यामुळे रबर झिजण्याआधी म्हातारं होतं. झोपायच्या जागा चार होत्या, सीटबेल्ट असलेल्या जागा दोनच. हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

फोन केला तर त्याने कानावर हात ठेवले. विक्रीच्या कागदावर "जशी आहे तशी" लिहिलेलं होतंच. आमच्या बाजूने एकच गोष्ट होती, संदेशांतलं त्याचं वाक्य: "छतात, भिंतीत कुठेही ओल नाही." वकिलांनी सगळ्यात आधी तेच मागितलं. नोटिशीनंतर थोडे पैसे परत आले, दुरुस्तीच्या खर्चापुढे ते किरकोळ होते. म्हणून प्रश्न तोंडी विचारू नका, लिहून विचारा: ओल, अपघात, गाडीवरचं कर्ज, गॅसची शेवटची तपासणी, चासीवरचा नंबर कागदाशी जुळतो का. टाळाटाळ झाली तर तीही लेखी राहते.

आणि माझं मत विचाराल तर दोघांना दोन दिवसांसाठी बांधीव खोलीची हौस नको. अखंड लोखंडी अंगाच्या व्हॅनमध्येच आतली सोय केलेली गाडी बघा. जागा कमी, थंडीत बाष्प जास्त धरतं, गंजही बघावा लागतो. पण कडेकडेने लाकूड कुजवणारे ते लांबलचक सांधे तिच्यात नसतात.

हल्ली विक्रेत्याला आम्ही आधीच कळवतो: सकाळी येऊ, इंजिन थंड हवं, केबल आदल्या रात्री काढलेली हवी, गाद्या उचलू, काट्यावर नेऊ. बरेच जण उत्तरच देत नाहीत. एकाने मात्र स्वतःहून काट्याची पावती पाठवली आणि सोबत गळणाऱ्या खिडकीचा फोटो. ती गाडी बघायला पुढच्या आठवड्यात जातोय.