गव्हर्नर निवडणुकांसाठी बॅलटपीडिया: आधी 'ट्रायफेक्टा'चं पान उघडा

अमेरिकेत नोव्हेंबर २०२६ मध्ये ३६ राज्यांत गव्हर्नरची, म्हणजे राज्याच्या निवडून येणाऱ्या प्रमुखाची, निवडणूक आहे. त्यावर लक्ष ठेवायचं असेल तर बॅलटपीडिया ही फुकट साइट सगळ्यात कामाची. नकाशे बाकीच्या साइट्सवरही मिळतात, पण त्यावरून खुर्ची कोणाची एवढंच कळतं. राज्य कोणाच्या हातात आहे ते इथलं 'ट्रायफेक्टा'चं पान सांगतं: गव्हर्नर आणि विधिमंडळाची दोन्ही सभागृहं एकाच पक्षाकडे असली तर ट्रायफेक्टा, नाहीतर सत्ता विभागलेली.

२०२४ चंच बघा. ११ राज्यांत गव्हर्नर निवडले गेले आणि एकाही राज्यात पक्ष बदलला नाही. नकाशा जसाच्या तसा. पण त्याच दिवशी मिशिगनचं खालचं सभागृह रिपब्लिकनांकडे गेलं, मिनेसोटाचं ६७-६७ असं बरोबरीत अडकलं, आणि डेमोक्रॅटांनी दोन ट्रायफेक्टा गमावल्या. या दोन्ही राज्यांत त्या वर्षी गव्हर्नरची निवडणूकच नव्हती!

२०२५ मध्ये व्हर्जिनियात उलट घडलं. तिथे गव्हर्नरला लागोपाठ दुसरी मुदत मिळत नाही, त्यामुळे रिपब्लिकन ग्लेन यंगकिन रिंगणात नव्हते. डेमोक्रॅट ॲबिगेल स्पॅनबर्गर जिंकल्या, खालच्या सभागृहात पक्ष १०० पैकी ६४ जागांवर पोचला, सिनेट आधीपासूनच २१-१९ ने त्यांच्याकडे होतं. १७ जानेवारी २०२६ च्या शपथविधीनंतर गव्हर्नरांचा आकडा रिपब्लिकन २७, डेमोक्रॅट २३ वरून २६-२४ झाला आणि एक नवी ट्रायफेक्टा तयार झाली. न्यू जर्सीत मिकी शेरिल जिंकल्या, पण ती जागा आधीही डेमोक्रॅटांचीच होती.

या पानाची मोठी उणीव म्हणजे व्हेटोचं (विधिमंडळाने मंजूर केलेलं विधेयक अडवण्याच्या गव्हर्नरच्या अधिकाराचं) गणित त्यात दिसत नाही. त्यासाठी वेगळं पान शोधावं लागतं, आणि ते शोधाच. नॉर्थ कॅरोलायनात व्हेटो उलटवायला तीन-पंचमांश मतं लागतात, म्हणजे खालच्या सभागृहात १२० पैकी ७२. २०२४ मध्ये रिपब्लिकन ७१ वर थांबले. त्या एका जागेमुळे डेमोक्रॅट जॉश स्टाइन यांच्या व्हेटोला वजन आलं. हे ओळखूनच, व्हेटो उलटवण्याइतकं रिपब्लिकन बहुमत असलेल्या मावळत्या विधिमंडळाने डिसेंबरात निवडणूक मंडळ नेमण्याचा गव्हर्नरचा अधिकार काढून रिपब्लिकन ऑडिटरला (राज्याच्या हिशेब तपासनिसाला) दिला. केंटकीत गव्हर्नर डेमोक्रॅट आणि विधिमंडळ रिपब्लिकन, पण तिथे तर साध्या बहुमताने व्हेटो उलटतो. तिथला 'विभागलेली सत्ता' हा शिक्का फार काही सांगत नाही. अलास्कातही नुसत्या पक्षाच्या जागा मोजू नका, सभागृह दोन्ही पक्षांच्या आघाडीच्या ताब्यात असतं. नेब्रास्कात सभागृह एकच, तेही कागदोपत्री पक्षविरहित.

बॅलटपीडिया स्वतः भाकीत करत नाही. कुक, इनसाइड एलेक्शन्स आणि सबाटोज क्रिस्टल बॉल या अंदाज वर्तवणाऱ्या तिघांची मानांकनं (कोणती लढत कोणाकडे झुकते ते) एकाच तक्त्यात देते, हे मला जास्त पटतं. तिघांचं जिथे जुळत नाही ती लढत आधी वाचावी. जुन्या प्रायमरींचे (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकांचे) निकालही जपलेले आहेत: २०१८ च्या मिशिगन डेमोक्रॅटिक प्रायमरीत ग्रेचेन व्हिटमर पहिल्या आणि आपले बेळगावचे श्री ठाणेदार तिसरे. पानं मात्र लांबलचक, मोबाइलवर आधी अनुक्रमणिका गाठलेली बरी.

वर्ष निवडताना एवढं बघा: न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँटमध्ये मुदत दोनच वर्षांची, म्हणून ती दर सम वर्षाच्या यादीत येतात. केंटकी, मिसिसिपी आणि लुइझियाना २०२६ मध्ये सापडणार नाहीत, त्यांच्यासाठी २०२७ चं पान उघडा.