रेड ५ वर एलव्हीएम: नऊ महिने आणि एक पावसाळा

मडगावातल्या आर्किटेक्टच्या ऑफिसचा फाइल सर्व्हर. ४ टीबीच्या चार डेस्कटॉप डिस्क, लिनक्सच्या एमडीएडीएम या साधनाने त्यांचं केलेलं रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो), त्यावर एलव्हीएम (जागेचे हवे तसे भाग पाडणारा थर), ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम आणि नेटवर्कवर फाइल वाटणारं सांबा. हाती १२ टीबी, कारण एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला, म्हणजे हरवलेला डेटा परत काढायच्या माहितीला जाते.

एलव्हीएमबद्दल तक्रार शून्य. व्हॉल्यूम ग्रुपमधली, म्हणजे एलव्हीएमच्या सामाईक साठ्यातली सगळी जागा पहिल्याच दिवशी वाटून टाकू नका, एवढंच. ड्रॉइंगचा व्हॉल्यूम भरत आला की ‘एलव्हीएक्स्टेंड -आर’, लोकांच्या फाइल उघड्या असतानाच जागा वाढते. बॅकअपसाठी स्नॅपशॉट (व्हॉल्यूमची त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घेतलात तर ‘एलव्हीएस’ या आज्ञेतला डेटाचा टक्का बघत राहा. शंभर झाला की स्नॅपशॉट बाद होतो, मूळ डेटाला मात्र धक्का लागत नाही.

राग आहे तो डिस्कवर. डेस्कटॉप डिस्कला खराब सेक्टर लागला की ती मिनिट-दोन मिनिटं तोच वाचत बसते. लिनक्स कर्नल थांबतं ३० सेकंद. मग ते डिस्कची लिंक रीसेट करतं, डिस्क उत्तर देत नाही, आणि एका सेक्टरपायी धडधाकट डिस्क ॲरेबाहेर, म्हणजे रेडच्या गटाबाहेर फेकली जाते. वॉरंटीत दिली तर दुकानात टेस्ट पास! ‘स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी,७०,७०’ दिलं की डिस्क ७ सेकंदांत हार मानते आणि एमडी (कर्नलमधला रेड सांभाळणारा भाग) पॅरिटीवरून तो सेक्टर परत लिहून काढतं.

खरी मेख पुढे आहे. बहुतेक डिस्कवर हे सेटिंग वीज गेली की पुसलं जातं. जुलैत यूपीएसची बॅटरी संपेपर्यंत वीज आली नाही, सर्व्हर परत चालू झाला तो जुन्या सवयीनिशी, आणि तिसरी डिस्क बाहेर. म्हणून ही आज्ञा दर बूटला चालायलाच हवी, यूडेव्ह नियमातून (डिस्क सापडली की लिनक्स आपोआप चालवतं तो) किंवा स्क्रिप्टमधून. डिस्क ती मानतच नसेल तर /सिस/ब्लॉक खाली त्या डिस्कच्या ‘टाइमआउट’मध्ये १८० लिहा, तेही दर बूटला. नॅसच्या, म्हणजे नेटवर्क साठवणीसाठी बनवलेल्या डिस्कमध्ये हे सहसा कारखान्यातूनच केलेलं असतं. चार डिस्कमागे वाचवलेले पैसे इथे गेले.

मेपर्यंत रेड ५ पुरेसं वाटत होतं. आता ते मत बदललंय. रीबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर परत रचणं, चालू असताना दुसऱ्या डिस्कवर असाच एक सेक्टर निघाला तर पॅरिटी उरलेलीच नसते. पाचवी डिस्क घालून एमडीएडीएमला ‘--ग्रो --लेव्हल=६’ दिलं, म्हणजे दोन डिस्क गेल्या तरी टिकणारं रेड ६ केलं. जागा तेवढीच राहिली, काम कित्येक दिवस चाललं. त्याआधी पूर्ण बॅकअप घ्या, आणि एमडीएडीएमने बॅकअप फाइल मागितली तर ती ॲरेबाहेरच्या डिस्कवर ठेवा. नवी डिस्क जागेसाठी घालत असाल तर रीशेप (डेटाची नव्याने मांडणी) संपल्यावर ‘पीव्हीरिसाइझ’ द्यावं लागतं, नाहीतर वाढलेली जागा एलव्हीएमला दिसतच नाही.

आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत स्मार्टचा (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीचा) १९९ क्रमांकाचा, केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुकांचा आकडाही दर महिन्याला पाहा. तो चढत असेल तर आधी साटा केबल बदला आणि कनेक्टर पुसा. चढलेला आकडा खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबतो.