ओपनलर्न : जेनी ली यांच्या विद्यापीठाची मोफत अभ्याससेवा

अंबाजोगाई परिसरात नोकरी किंवा शेती सांभाळून बहिःस्थ शिक्षण घेणाऱ्यांना मार्गदर्शन करताना मी ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचे 'ओपनलर्न' हे संकेतस्थळ नेहमी वापरतो. या सेवेला या विद्यापीठाची उभारणी करणाऱ्या ब्रिटिश राजकारणी जेनी ली यांचीच कसोटी लावली पाहिजे, असे माझे मत आहे.

स्कॉटलंडमधील खाणकामगाराच्या घरी १९०४ साली जन्मलेल्या जेनीबाई १९२९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, खासदार झाल्या. मजूर पक्षाच्या डाव्या फळीतील या नेत्यावर पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी ओपन युनिव्हर्सिटी या नव्या विद्यापीठाची जबाबदारी सोपवली, तेव्हा प्रवेशाला पूर्वपात्रतेची अट नसावी, पण पदवी मात्र कोणत्याही जुन्या विद्यापीठाच्या तोडीची असावी, हा आग्रह त्यांनी विरोध पत्करूनही सोडला नाही. १९६६ मध्ये श्वेतपत्रिका आली, १९६९ मध्ये सनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये अध्यापन सुरू झाले. त्याआधीच, १९७० च्या निवडणुकीत, त्या स्वतः पराभूत झाल्या होत्या. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये याच वाटेने निघाले.

२००६ पासून चालू असलेल्या ओपनलर्नने ही दोन्ही तत्त्वे बऱ्याच अंशी जपली आहेत. शुल्क नाही, पूर्वपात्रता नाही, आणि तरीही मजकुरात पातळपणा नाही. प्रत्येक अभ्यासक्रमाची पातळी आणि लागणारे तास आधीच दिलेले असतात. बरेचसे साहित्य पीडीएफ किंवा ईपब (ई-पुस्तक) स्वरूपात उतरवून घेता येते. भारनियमनाच्या आणि रेंज नसलेल्या गावांत ही सोय फार मोलाची ठरते.

मात्र अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर मिळणारे सहभागाचे प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे, हे विद्यार्थ्यांना आधीच स्पष्ट सांगावे. नोकरभरतीत त्याच्यावर विसंबता येणार नाही. मोठी अडचण इंग्रजीची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेल्या हुशार मुलीलाही पहिल्या पानावर धाप लागते, आणि जेनीबाईंनी ज्यांच्यासाठी दार उघडले, तोच वर्ग इथे पुन्हा बाहेर राहतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

बऱ्याच साहित्याला क्रिएटिव्ह कॉमन्स या, ठरावीक अटींवर साहित्य मोफत वापरू देणाऱ्या परवान्याखाली विनाव्यावसायिक भाषांतराची मुभा आहे. मराठवाड्यातील महाविद्यालयांनी प्रत्येक अभ्यासक्रमाच्या अटी तपासून, आधी प्राथमिक पातळीचे गणित आणि अभ्यासकौशल्ये हे विषय मराठीत आणावेत. तोपर्यंत हे साहित्य विद्यार्थ्याच्या हाती नुसते देऊ नये, शिक्षकाने शेजारी बसून वाचून घ्यावे.