नॅनोचॅनलमधून रेणू न्यायचेत: प्रेशर लावू की व्होल्टेज?

पंप घ्यायचा की पॉवर सप्लाय हे नंतर ठरवा, आधी चॅनलची, म्हणजे चिपमध्ये कोरलेल्या बारीक नळीची, उंची किती ते बघा. प्रेशरने ढकललेल्या पाण्याचा वेग उंचीच्या वर्गावर चालतो, उंची दहापट कमी केली की वेग शंभरपट पडतो. साधा हिशोब: 1 सेंटीमीटर लांब आणि 10 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) उंच चॅनलला 1 बार, म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतकं प्रेशर दिलं तर पाणी सेकंदाला 8 सेंटीमीटरच्या आसपास पळतं, तेच चॅनल 100 नॅनोमीटर (मायक्रॉनचा दहावा भाग) उंच असेल तर सेकंदाला जेमतेम 8 मायक्रॉन, म्हणजे या टोकाचं त्या टोकाला पोचायला 20 मिनिटं. प्रेशर वाढवता येतं की, पण मग चिपचं बाँडिंग आणि जोडण्या कुरकुरायला लागतात.

व्होल्टेजचा खेळ वेगळाय. काचेची भिंत पाण्यात निगेटिव्ह होते, तिच्यालगत पाण्यातले पॉझिटिव्ह आयन (चार्ज असलेले कण) गोळा होतात, व्होल्टेज लावलं की ते निघतात आणि पाण्याला सोबत ओढत नेतात. हे इलेक्ट्रोऑस्मोसिस, शास्त्रज्ञ रॉइसने 1809 मध्येच मॉस्कोत मातीच्या थरात नोंदवलेलं. त्याच 1 सेंटीमीटरवर 100 व्होल्ट लावले तर पाणी सेकंदाला तीन-चारशे मायक्रॉन जातं, अर्ध्या मिनिटाचं काम, आणि चॅनल 10 मायक्रॉनचं असो की 100 नॅनोमीटरचं, वेगात फारसा फरक नाही.

व्होल्टेजच्या बाजूने नेहमी अजून एक मुद्दा सांगतात, की प्रेशरमध्ये मधलं पाणी पुढे आणि कडेचं मागे राहतं म्हणून सँपल पसरतं, व्होल्टेजमध्ये सगळं एका रेषेत जातं. 50 मायक्रॉनच्या चॅनलमध्ये हे खरंय, तिथे छोट्या रेणूला आडवं पसरायला साधारण सेकंदभर लागतो. पण 100 नॅनोमीटरला तोच रेणू काही मायक्रोसेकंदात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जातो, मग मधलं काय आणि कडेचं काय! नॅनोत या मुद्द्यावर निर्णय घेऊ नका.

त्यापेक्षा रेणूवर चार्ज आहे का ते बघा, कारण व्होल्टेज फक्त पाणी हलवत नाही, रेणूलाही खेचतं. डीएनए निगेटिव्ह, तो पॉझिटिव्ह इलेक्ट्रोडकडे ओढ घेतो आणि काचेच्या चॅनलमधलं पाणी नेमकं उलट्या दिशेला चाललेलं असतं, शेवटी डीएनए कुठे जाईल हे कोणाचा जोर जास्त त्यावर. वेगवेगळे रेणू सुटे करायचे असतील तर हीच मजा, सगळे एकाच वेगाने न्यायचे असतील तर डोकेदुखी. प्रेशर चार्जकडे बघत नाही.

आणि मीठ किती आहे? 1 मिलीमोलार (म्हणजे अगदी पातळ) पोटॅशियम क्लोराइड या मिठाच्या द्रावणात भिंतीजवळचा चार्जवाला थर साधारण 10 नॅनोमीटर जाड असतो, 100 मिलीमोलारला 1 नॅनोमीटर. म्हणजे 20 नॅनोमीटरच्या चॅनलमध्ये पातळ द्रावण भरलं तर दोन्ही भिंतींचे थर एकमेकांत घुसतात, वरचा वेगाचा हिशोब कोलमडतो आणि निगेटिव्ह रेणूंना आत शिरणंच अवघड होतं. इलेक्ट्रोडवर बुडबुडे येतात, पीएच (द्रावणाची आम्लता) सरकतो, तेही धरून चाला.

माझं मत: काही मायक्रॉनच्या वर असाल आणि रेणूंची वर्गवारी करायची नसेल तर प्रेशर, उगाच व्होल्टेजच्या भानगडीत पडू नका. 100 नॅनोमीटर किंवा खाली असाल तर व्होल्टेज, पण दोन्ही टोकांना मायक्रॉनवाले मोठे चॅनल ठेवा म्हणजे भरणं-धुणं प्रेशरनेच उरकता येतं आणि व्होल्टेज फक्त मधल्या अरुंद तुकड्यापुरतं लागतं.