सिम्युलेशनमध्ये पीएचडी: बंगळूर, ऑस्टिन, हायडेलबर्ग की वॉरिक?

मेकॅनिकल, केमिकल, फिजिक्स किंवा गणित झालं आणि पुढे कम्प्युटेशनल मॉडेलिंगमध्ये, म्हणजे खऱ्या जगातल्या घडामोडी समीकरणांत मांडून संगणकावर सोडवण्याच्या कामात, पीएचडी करायचं ठरलं, की पहिला गोंधळ विभागाचा होतो. गणितवाल्यांना असा उमेदवार इंजिनिअर वाटतो, इंजिनिअरांना कोडवाला, आणि कम्प्युटर सायन्सवाल्यांना तो नक्की कुणाचा हेच कळत नाही. म्हणून काही संस्थांनी या कामासाठी वेगळे विभाग आणि वेगळे कार्यक्रमच उभे केले. त्यातल्या चार ठिकाणांची इथे तुलना केली आहे. रँकिंग बाजूला ठेवलंय, कारण या विषयात त्याने फारसं काही ठरत नाही.

आधी हे प्रशिक्षण कशासाठी असतं ते पाहू. धातूच्या ठोकळ्यात उष्णता कशी पसरते याचं समीकरण एक्सप्लिसिट पद्धतीने, म्हणजे आत्ताच्या आकड्यांवरून थेट पुढच्या क्षणाचे आकडे काढत, सोडवायला घेतलं. त्यासाठी ठोकळ्यात बिंदूंची जाळी कल्पायची. उत्तर अचूक हवं म्हणून जाळीतलं अंतर निम्मं केलं, तर तीन मितींत बिंदू आठपट होतात. तेवढ्यावर भागत नाही. टाइम-स्टेपही, म्हणजे एका हिशोबात पुढे सरकणारा वेळही, चौथाई करावा लागतो, नाहीतर आकडे फुगत जातात आणि शेवटी स्क्रीनभर ‘नॅन’ (नॉट अ नंबर, म्हणजे हा आकडाच नाही) दिसू लागतात. म्हणजे एकूण काम बत्तीसपट! टाइम-स्टेप नेमका किती लहान हवा ते गणितवाला सिद्ध करून देतो. ते काम प्रोसेसरच्या हजार कोअरवर, म्हणजे एकाच वेळी हिशोब करणाऱ्या हजार भागांवर, कसं वाटायचं ते संगणकवाला पाहतो. आणि मुळात एवढ्या बारीक जाळीची गरज आहे का, हे ठोकळ्याचं भौतिकशास्त्र जाणणाराच सांगू शकतो. या तिघांचं काम एकाच विद्यार्थ्याला जमलं पाहिजे. फरक आहे तो संस्था हे कसं जमवून आणतात यात.

बंगळूरच्या आयआयएससीमध्ये (भारतीय विज्ञान संस्थेत) १९९० साली सुपरकॉम्प्युटर केंद्र निघालं. त्याच परंपरेतून २०१५ मध्ये कम्प्युटेशनल अँड डेटा सायन्सेस, म्हणजे सीडीएस, हा विभाग आला. इथे कोर्सवर्क सक्तीचं आहे, पुढे कॉम्प्रिहेन्सिव्ह परीक्षा आहे. न्यूमरिकल लिनियर अल्जिब्रा, पॅरलल प्रोग्रॅमिंग, स्केलेबल सिस्टिम्स हे कोर्स विभागातच मिळतात. बी.ई. नंतर गेट परीक्षेच्या जोरावर थेट पीएचडीला जाता येतं, ही आपल्याकडच्या मुलांसाठी फार मोठी सोय आहे. फेलोशिप जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये अशी झाली. पीएमआरएफ (पंतप्रधान संशोधन फेलोशिप) मिळाली तर २०१८ च्या मूळ योजनेप्रमाणे सुरुवातच ७०,००० ने होते. २०२२ मध्ये कॅम्पसवर ३.३ पेटाफ्लॉपचा परम प्रवेगा हा सुपरकॉम्प्युटर आला, त्यामुळे यंत्रासाठी बाहेर हात पसरावे लागत नाहीत. अर्थात यंत्र घरचं असलं तरी जॉब क्यूमध्ये लावून वाट बघणं कुणालाच चुकत नाही.

पुण्यातच राहायचं असेल तर चित्र निराळं आहे. सुपरकॉम्प्युटर बनवणारी सी-डॅक ही सरकारी संस्था १९८८ पासून इथेच आहे, पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत २०२४ मध्ये ‘अर्का’ हा सुपरकॉम्प्युटर आला, आयसर या विज्ञान संस्थेत ‘परम ब्रह्म’ आहे. यंत्रं आणि प्रश्न दोन्ही भरपूर. हवामान किंवा मॉन्सूनच्या मॉडेलवरच काम करायचं हे पक्कं असेल, तर मला पाषाण सोडून बंगळूर गाठण्यात फारसा अर्थ दिसत नाही. मात्र तिथे तुम्ही हवामानाचे संशोधक म्हणून घडता. न्यूमरिक्स, म्हणजे समीकरणं संगणकावर आकड्यांनी सोडवण्याचं गणित, किती खोलवर शिकायचं हे बरंचसं तुमच्यावर आणि गाइडवर राहतं.

ऑस्टिनची टेक्सास युनिव्हर्सिटी हे शिस्तीचं टोक. तिथल्या ओडन इन्स्टिट्यूटमधला सीएसईएम (कम्प्युटेशनल सायन्स, इंजिनिअरिंग अँड मॅथेमॅटिक्स) कार्यक्रम तीन भागांवर उभा आहे: गणित, न्यूमरिकल अ‍ॅनालिसिस व सायंटिफिक कम्प्युटिंग, आणि मॉडेलिंग. तिन्हींतले कोर्स करावे लागतात, प्रिलिम्स, म्हणजे पात्रता परीक्षा, द्यावी लागतात. इंजिनिअरिंगहून आलेल्याला फंक्शनल अ‍ॅनालिसिस हे अमूर्त गणित पहिल्यांदा भेटतं आणि चांगलाच घाम फुटतो. पण त्याचं फळही दिसतं. पृथ्वीच्या मॅन्टलमधल्या (कवचाखालच्या थरातल्या) प्रवाहाचं सिम्युलेशन सुमारे १५.७ लाख कोअरवर चालवणाऱ्या कामाला सुपरकॉम्प्युटिंगमधलं २०१५ चं गॉर्डन बेल पारितोषिक मिळालं, त्याचा मुख्य लेखक याच कार्यक्रमातला पीएचडीचा विद्यार्थी होता. गंमत म्हणजे ते यंत्र टेक्सासचं नव्हतंच, लिव्हरमोरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतलं होतं. त्यामुळे ‘कॅम्पसवर केवढा सुपरकॉम्प्युटर आहे’ याला मी कमी गुण देतो.

अमेरिकेचाच विचार करत असाल तर वेबसाइटवर डीओई सीएसजीएफ ही अमेरिकी ऊर्जा खात्याची फेलोशिप हमखास दिसेल. १९९१ पासून चाललेली, राष्ट्रीय प्रयोगशाळेत बारा आठवड्यांचं प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा अनुभव, देणारी, खरोखर उत्तम योजना आहे. पण ती अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठीच आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांनी तिच्या अर्जात वेळ घालवू नये.

हायडेलबर्गचा हिशोब उलटा. आयडब्ल्यूआर हे सायंटिफिक कम्प्युटिंगचं केंद्र १९८७ पासून आहे आणि एचजीएस मॅथकॉम्प ही पदवीशाळा २००७ मध्ये जर्मन सरकारच्या एक्सलन्स योजनेतून उभी राहिली. इथे आधी प्रश्न आणि प्राध्यापक ठरतात, कोर्स लागतील तसे नंतर. ऑस्टिनसारखी परीक्षांची चाळणी नाही. विषयांचा पल्ला मात्र थक्क करणारा आहे: पाच हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवरची कीलाक्षरं थ्रीडी स्कॅनमधून वाचण्यासाठी गिगामेश नावाचं सॉफ्टवेअर याच केंद्रात तयार झालं. ट्यूशन फी नाही. प्रकल्पावर नेमणूक झाली तर तुम्ही विद्यापीठाचे पगारी कर्मचारी असता, विमा, पेन्शन आणि भरपगारी रजेसकट. करार मात्र बहुधा अर्धवेळ किंवा पाऊणवेळ असतो, काम पूर्णवेळ. आणखी एक अडचण: जर्मनीत साधारणपणे मास्टर्स लागतं. नुसत्या बी.ई.वर दार उघडणं कठीण.

इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठाचं हेटसिस हे ब्रिटिश पद्धतीचं डॉक्टरल ट्रेनिंग सेंटर, म्हणजे पीएचडीच्या मुलांना तुकडीने शिकवणारं केंद्र, २०१९ पासूनचं. चार वर्षांची मुदत, एका वर्षाची सगळी मुलं एकत्र शिकतात, आणि मॉडेलच्या उत्तरात अनिश्चितता किती हे मोजण्यावर भर. वेळेत संपणारी पीएचडी हवी असेल तर हे चांगलं. पण सरकारी पैशांतल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या जागांना ३० टक्क्यांची मर्यादा आहे. शिवाय व्हिसाच्या वेळी वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार सगळ्या वर्षांचा एकदम भरावा लागतो, म्हणजे चार वर्षांचे तीन हजारांहून जास्त पौंड. तो केंद्र देणार की तुम्ही, हे ऑफर स्वीकारण्याआधी लेखी विचारा.

मग निवड कशी करायची? तुमचं कच्चं काय आहे ते पाहा. बी.ई. झालंय, कोड येतो पण गणित तिसऱ्या सेमिस्टरलाच सुटलं, अशांनी सक्तीचं कोर्सवर्क असलेलीच जागा घ्यावी. बंगळूर आधी, ऑस्टिन मिळालं तर ऑस्टिन. एम.एस्सी. झालंय, प्रश्न डोक्यात पक्का आहे आणि घरी पैसेही पाठवायचे आहेत, तर हायडेलबर्ग. कुठला प्रश्न घ्यावा हे अजून उमगलेलंच नाही, अशांना वॉरिकसारख्या ठिकाणी बरोबरीच्या मुलांच्या संगतीत दिशा लवकर सापडते.

आणि कुठेही अर्ज करण्याआधी तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मेल टाकून दोन गोष्टी विचारा. दुसऱ्या विषयातला जोडीचा गाइड असेल तर तो खरोखर भेटतो, की फक्त फॉर्मवर सही करतो? आणि आधीच्या विद्यार्थ्याने लिहिलेला कोड आज दुसऱ्या कुणाला चालवता येतो का? पहिल्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा आढेवेढे घेऊ लागला, तर विभागाच्या नावात कितीही विषय जोडलेले असोत, तुमची पीएचडी एकाच विषयाची होणार हे धरून चाला.